एका पाणतीर नौकेचे सेवापुस्तक

सरकारी नोकरीत रुजू होणाऱ्या प्रत्येकाचे एक सेवापुस्तक उघडले जाते. जन्मतारीख, उंची, ओळखीची खूण आणि बोटांचे ठसे यांपासून त्याची सुरुवात होते. पुढे नेमणूक, बदली, वेतनवाढ, प्रतिनियुक्ती, रजा, क्वचित एखादी ताकीद, असे एकेक टप्पे वेगवेगळ्या हस्ताक्षरांत त्यात उतरत जातात. निवृत्तीबरोबर ते पुस्तक मिटते. त्या माणसाने आयुष्यात काय केले, हे त्यातून फारसे समजत नाही. पण तो कोठून कोठे गेला आणि प्रत्येक ठिकाणी त्याला कोणी रुजू करून घेतले, हे मात्र नेमके समजते.

नौकांचेही असेच असते. आज ज्या नौकेविषयी लिहायचे आहे तिला सेवेत असताना धड नावही नव्हते, नुसता क्रमांक होता: एमटीबी १०२. एमटीबी म्हणजे मोटार टॉर्पेडो बोट. आपल्या भाषेत पाणतीर नौका. प्रशासनावरच्या या लेखमालेत इंग्लंडातल्या एका लाकडी नौकेचे काय काम, असे काही वाचक विचारतील. त्याचे उत्तर माझ्याच हातून पूर्वी झालेल्या एका सहीत आहे. त्याकडे लेखाच्या शेवटी येतो. आधी नौकेचे सेवापुस्तक उघडू.

पाणतीर नौकेची कल्पना समजायला सोपी आहे. मोठी युद्धनौका बांधायला कित्येक वर्षे लागतात आणि राज्याच्या तिजोरीचा मोठा वाटा खर्ची पडतो. पाण्याखालून धावणारा टॉर्पेडो मात्र तिच्या तुलनेत अगदी स्वस्त. आणि तो तिच्या पोटात योग्य जागी बसला, तर ती सारी गुंतवणूक काही तासांत तळाला जाते. मग हा टॉर्पेडो लक्ष्याच्या जवळ न्यायचा कसा? एक उपाय असा की एखाद्या हलक्या, अतिशय वेगवान नौकेवर तो लादावा, अंधारात जवळ जावे, सोडावा आणि उलट पावली पळ काढावा. १० जून १९१८ च्या पहाटे इटलीच्या लुइजी रिझ्झो या अधिकाऱ्याने एड्रियाटिक समुद्रात अशाच एका छोट्या नौकेतून ऑस्ट्रिया-हंगेरीची ‘सेंट इश्तवान’ ही वीस हजार टनांवरची युद्धनौका बुडवली. पुढच्याच वर्षी, जून १९१९ मध्ये, ऑगस्टस एगर या ब्रिटिश अधिकाऱ्याने क्रॉनस्टाटजवळ तशाच छोट्या नौकेतून रशियाची ‘ओलेग’ ही क्रूझर बुडवली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला.

इतका धडधडीत पुरावा समोर असताना शहाण्या शासनाने काय करावे? ब्रिटिश नौदल खात्याने, म्हणजे ॲडमिरल्टीने, युद्ध संपताच या नौकांकडे पाठ फिरवली. त्यामागची कारणे अगदीच चुकीची होती असे नाही. पैसा आटला होता. या नौका खवळलेल्या समुद्रात टिकत नसत. आणि नौदलातला मान, बढती, अधिकार हे सारे मोठ्या जहाजांभोवती फिरत असे. छोट्या नौकेवर काम केलेल्या अधिकाऱ्याचे भवितव्य छोटेच राहते, हा समज केवळ नौदलापुरता नाही. दुर्गम तालुक्यात उत्तम काम केलेल्या आणि सचिवालयाने विसरलेल्या अधिकाऱ्यांना त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

पंधराएक वर्षे अशी गेल्यावर, १९३० च्या दशकाच्या मध्याला, युरोपात पुन्हा ढग जमू लागले तेव्हा ॲडमिरल्टीला जाग आली. ह्यूबर्ट स्कॉट-पेन यांच्या ब्रिटिश पॉवर बोट कंपनीकडून साठ फुटी नौका घेतल्या गेल्या. त्या वेगवान होत्या, पण त्यांच्यावरून टॉर्पेडो मागच्या बाजूने पाण्यात सोडावे लागत आणि ही पद्धत अडचणीची होती. याच सुमारास पोर्ट्समथच्या व्हॉस्पर या कंपनीने एक धाडस केले. कंपनीची धुरा पीटर ड्यू केन या माजी नौदल अधिकाऱ्याकडे होती. त्यांनी सरकारी मागणी नसताना, निविदा निघालेली नसताना, कंपनीच्या स्वतःच्या खर्चाने १९३७ मध्ये एक नमुना नौका बांधली. सरकारने विकत घेतली तर ठीक, नाही तर नुकसान कंपनीचे.

ही अडुसष्ट फुटी नौका म्हणजे एमटीबी १०२. तिचे अंग महोगनीच्या पातळ फळ्यांचे. दोन थरांत, एकमेकींना छेद देणाऱ्या तिरक्या मांडणीने बसवलेल्या. पोटात ‘इसोत्ता फ्रास्किनी’ या इटालियन कंपनीची तीन प्रचंड पेट्रोल इंजिने, प्रत्येकी सुमारे ११०० अश्वशक्तीची. दोन्ही बाजूंना २१ इंच व्यासाच्या टॉर्पेडोची एकेक नळी. हलकी असताना ती ताशी ४८ सागरी मैल, म्हणजे जवळजवळ ८९ किलोमीटर वेगाने धावली. शस्त्रे आणि इंधन लादल्यावरही तिचा वेग ४० सागरी मैलांच्या वर राही. त्या युद्धातल्या ब्रिटिश नौदलाच्या सर्वांत वेगवान नौकांत तिची गणना होते. याच ड्यू केन यांनी पुढे माल्कम कॅम्बेल यांच्यासाठी ‘ब्लू बर्ड’ ही शर्यतीची नौका रेखली आणि तिने ऑगस्ट १९३९ मध्ये ताशी १४१ मैलांचा जागतिक विक्रम केला. वेग हा त्या माणसाचा ध्यासच होता असे म्हणायला हरकत नाही.

ॲडमिरल्टीने नमुना तपासला, चाचण्या घेतल्या आणि नौका विकत घेतली. खरेदीच्या नियमांत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला हा टप्पा विशेष वाटतो. गरज काय आहे हे खरेदीदाराला नीट ठाऊक नसताना एका उत्पादकाने ती ओळखली, वस्तू करून समोर ठेवली, आणि खात्यातल्या कोणीतरी ‘आम्ही मागितलेच नव्हते’ असा शेरा मारून नस्ती बंद केली नाही. व्हॉस्परच्या पुढच्या सत्तर फुटी आणि त्याहून मोठ्या नौका याच नमुन्यातून वाढल्या आणि युद्धभर ब्रिटिश नौदलाच्या कामी आल्या.

मात्र याच खरेदीत एक खोट राहून गेली होती. नौकेचे हृदय इटलीचे होते. त्या ताकदीचे तयार सागरी इंजिन ब्रिटनमध्ये त्या वेळी हाताशी नव्हते आणि जोवर इटली तटस्थ होती तोवर कोणाला त्याची फारशी काळजीही वाटली नसावी. १० जून १९४० रोजी, ‘सेंट इश्तवान’ बुडाल्याला बरोबर बावीस वर्षे झाली त्या दिवशी, मुसोलिनीने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले आणि इंजिनांचा पुरवठा मिटला. पुढच्या काही नौकांना ‘हॉल-स्कॉट’ ही कमी ताकदीची अमेरिकन इंजिने बसवावी लागली आणि चाळीस सागरी मैलांची नौका पंचवीस-सव्वीसवर रखडू लागली. अमेरिकेची ‘पॅकार्ड’ इंजिने मिळू लागली तेव्हा हा प्रश्न सुटला. सुटे भाग आणि इंजिने यांसाठी परक्या देशावर अवलंबून राहण्याची किंमत स्वतंत्र भारतालाही वेळोवेळी मोजावी लागली आहे. १९६५ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांनी शस्त्रपुरवठा थांबवला तेव्हा आपल्याला हाच धडा मिळाला.

आता सेवापुस्तकातल्या सर्वांत प्रसिद्ध पानाकडे येऊ. मे १९४० च्या अखेरीस जर्मन फौजांनी ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्याला उत्तर फ्रान्समधील डंकर्कच्या किनाऱ्यावर रेटत आणले. २६ मे ते ४ जून या दिवसांत व्हाइस ॲडमिरल बर्ट्रम रॅमसे यांनी डोव्हरहून सूत्रे हलवून ३,३८,२२६ सैनिक समुद्रमार्गे परत आणले. या जनसागरात आपलेही काही लोक होते. डिसेंबर १९३९ मध्ये मुंबई बंदरातून निघालेल्या रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरच्या चार खेचर कंपन्या फ्रान्सच्या हिवाळ्यात ब्रिटिश फौजेची रसद वाहत होत्या. जवान बहुतेक पंजाबी मुसलमान होते. एका कंपनीचे लोक जर्मनांच्या हाती लागले. इतर कंपन्या इंग्लंडला पोहोचल्या, पण त्यांची खेचरे मागेच राहिली. डंकर्कच्या कथेतून हे लोक कित्येक दशके वगळलेलेच होते. अलीकडच्या वर्षांत त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तक निघाले, तेही कार्यालयीन कागद कोणीतरी जपून ठेवले होते म्हणून.

एमटीबी १०२ ने त्या दिवसांत इंग्लिश खाडी आठ वेळा ओलांडली. तिचा प्रमुख होता ख्रिस्तोफर ड्रायर नावाचा तरुण लेफ्टनंट. टॉर्पेडो नौकेत माणसे वाहून नेण्यासाठी जागाच नसते. एवढ्याशा लाकडी कवचात तीन इंजिने, पेट्रोलच्या टाक्या, दोन टॉर्पेडो आणि डझनभर खलाशी बसवल्यावर काही उरत नाही. तिचा खरा उपयोग वेगाचा होता: निरोप नेणे, अधिकाऱ्यांना एका जहाजावरून दुसऱ्यावर पोहोचवणे, किनाऱ्यावरची स्थिती पाहून डोव्हरला कळवणे. बिनतारी यंत्रणा कोलमडत असताना हे काम किती मोलाचे होते, हे पूर किंवा चक्रीवादळाच्या वेळी जिल्ह्यात काम केलेला कोणीही सांगेल. अशा वेळी एक चांगला मोटारसायकलस्वार दहा दूरध्वनींना भारी पडतो.

१ जून रोजी हा उपयोग पराकोटीला गेला. समुद्रावरच्या साऱ्या हालचालींची जबाबदारी रिअर ॲडमिरल वेक-वॉकर यांच्याकडे होती आणि त्यांचे ठाणे ‘कीथ’ या विनाशिकेवर होते. जर्मन विमानांनी कीथवर बॉम्ब टाकले आणि ती बुडाली. वेक-वॉकर एमटीबी १०२ वर आले आणि अडुसष्ट फुटांची ती नौका ॲडमिरलची ध्वजनौका झाली. आता ध्वजनौका म्हटली की ध्वज हवा आणि रिअर ॲडमिरलचा ध्वज त्या नौकेच्या सामानात असण्याचे कारणच नव्हते. खलाशांनी भांडी पुसायचे एक फडके घेतले, त्यावर तांबड्या रंगाने क्रूस आणि गोल काढले आणि ते वर चढवले.

या फडक्याची गोष्ट इंग्लंडात कौतुकाने सांगितली जाते. मला ती प्रशासनाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची वाटते. बंदराबाहेर शेकडो जहाजे, तराफे, मचवे गोंधळात फिरत असताना आज्ञा कोठून येत आहे, हे दुरून दिसणे आवश्यक होते. अधिकार अस्तित्वात असून चालत नाही, तो दिसावाही लागतो. आपत्तीच्या वेळी शाळेच्या ओसरीवर एक टेबल, एक खुर्ची आणि पुठ्ठ्यावर खडूने लिहिलेले ‘मदत केंद्र’ एवढे मांडले, की गोंधळ निम्म्याने कमी होतो, हे मी स्वतः पाहिले आहे. तो पुठ्ठा आणि ते फडके एकाच जातीचे.

यानंतरची पाने शांत आहेत आणि मला खरे कुतूहल त्यांचेच आहे. कीर्तीचा दिवस उलटला. युद्ध पुढे सरकले, नव्या आणि एकसारख्या नौका मोठ्या संख्येने येऊ लागल्या. एमटीबी १०२ ही नमुना नौका, एकुलती एक. तिचे सुटे भाग इतरांना लागत नाहीत, इतरांचे तिला लागत नाहीत, इंजिने शत्रुराष्ट्राची. कोणत्याही भांडारपालाला असे उपकरण डोळ्यांसमोर नको असते. तिच्या बाबतीत ‘निरुपयोगी’ असा शेरा पडणे अगदी स्वाभाविक होते. तसे झाले नाही. १९४३ मध्ये ती नौदलातून थलसेनेकडे, तिच्या सर्व्हिस कोअरकडे, वर्ग झाली. तिथे तिला पहिल्यांदा नाव मिळाले: ‘विमी’, पहिल्या महायुद्धातील एका रणभूमीवरून. काम मात्र अगदी साधे: किनाऱ्यावरच्या तोफखान्याच्या सरावासाठी समुद्रात लक्ष्य ओढत फिरणे. ॲडमिरलची ध्वजनौका आता दोरीने चांदमारी ओढू लागली. माणसाच्या सेवापुस्तकात याला आपण पदावनती म्हटले असते.

पण तीच पदावनती तिला तारून गेली. वापरात असलेली वस्तू टिकते, कारण तिला तेलपाणी मिळते, तिच्या नावे इंधन मंजूर होते, आणि तिच्यासाठी कोणीतरी महिन्याकाठी सही करत असतो. १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या स्वारीपूर्वी चर्चिल आणि आयझेनहॉवर यांनी जमलेल्या ताफ्याची पाहणी केली तीही याच नौकेतून, अशी तिच्या इतिहासात नोंद आहे. सेवेच्या उतरत्या काळातही एखादा मानाचा दिवस येतो तो असा.

तिच्या जातीच्या इतर नौकांचे काय झाले हे पाहिल्यावर तिच्या टिकण्याचे मोल कळते. अमेरिकेच्या पीटी बोटी म्हणजे याच कुळाची दुसरी शाखा. स्कॉट-पेन यांची एक नौका १९३९ मध्ये अटलांटिकपार गेली आणि तिच्यावरून तिकडच्या नौका घडल्या. युद्ध संपल्यावर फिलिपाइन्समधील सामार बेटाजवळ जमलेल्या अशा शंभराहून अधिक नौकांतून उपयोगी सामान काढून घेतले गेले आणि उरलेली लाकडी अंगे किनाऱ्यावर ओढून सरळ पेटवून दिली गेली. निर्णय निष्ठुर दिसतो, पण त्याला हिशेब होता. लाकडाला कीड लागते, पेट्रोल इंजिने खर्चिक असतात, त्या परत नेण्याचे भाडे त्यांच्या किमतीहून जड होते आणि शांततेत त्यांना काम नव्हते. ब्रिटनमध्येही बहुतेक नौका कवडीमोलाने विकल्या गेल्या. काहींची नदीकाठी घरे झाली, अनेक चिखलात कुजल्या.

एमटीबी १०२ सुद्धा युद्धानंतर विकली गेली आणि खासगी सहलीची नौका बनली. पुढची कित्येक वर्षे तिच्या पुस्तकातली पाने जवळजवळ कोरीच आहेत. १९७३ मध्ये ती नॉरफोक परगण्यातील ब्लोफील्ड आणि ब्रंडल या गावांच्या सागरी बालवीर पथकाच्या ताब्यात आली. त्यांना हवी होती ती मुलांच्या शिबिरासाठी तरंगती जागा. म्हणजे इथेही तिला रुजू करून घेतले ते इतिहासासाठी नाही, गरजेसाठी. इतिहास नंतर उलगडला. १९७६ मध्ये ‘द ईगल हॅज लँडेड’ या चित्रपटासाठी अशा नौकेची गरज पडली आणि त्या निमित्ताने तिची डागडुजी होऊन ती पुन्हा आपल्या बळावर चालू लागली. इंजिने मात्र आता डिझेलची. १९९६ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र विश्वस्त संस्था स्थापन झाली. २०१७ च्या ‘डंकर्क’ चित्रपटातही ती दिसते. ब्रिटनच्या ऐतिहासिक नौकांच्या राष्ट्रीय यादीत तिचे नाव आहे आणि तिची देखभाल आजही मुख्यतः स्वयंसेवकच करतात.

वाचकहो, इथे आपल्या घरच्या एका नौकेची आठवण येणे अपरिहार्य आहे. ‘विक्रांत’ ही आपली पहिली विमानवाहू नौका. ब्रिटनमध्ये १९४३ मध्ये ‘हर्क्युलिस’ या नावाने तिचे बांधकाम सुरू झाले, युद्ध संपल्यावर ते अर्ध्यात थांबले, १९५७ मध्ये भारताने ती घेतली, ४ मार्च १९६१ रोजी ती आपल्या नौदलात रुजू झाली, १९७१ च्या युद्धात तिच्या विमानांनी पूर्वेकडची बंदरे रोखली आणि ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली. मुंबईत ती संग्रहालय म्हणून उभी होती. परगावी नोकरी करणारे आम्ही सुट्टीत घरी येत असू तेव्हा मुलांना तिथे नेणे हा ठरलेला कार्यक्रम असे. २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणास्तव ती लोकांसाठी बंद झाली, २०१४ मध्ये सुमारे साठ कोटी रुपयांना लिलावात गेली, न्यायालयीन प्रयत्नही संपले आणि ती भंगारात निघाली.

या प्रकरणी अनेकांनी शासनाला कृतघ्न म्हटले. मी त्या सुरात सूर मिसळणार नाही. वीस हजार टनांचे पोलाद खाऱ्या पाण्यात उभे ठेवणे आणि वीस-एकवीस मीटरची लाकडी होडी रंगवणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण एक फरक आकाराचा नाही. एमटीबी १०२ प्रत्येक वळणावर कोणाच्या तरी ठरावीक ताब्यात होती: नौदल, थलसेना, खासगी मालक, बालवीर, विश्वस्त. विक्रांतबद्दल वर्षानुवर्षे प्रत्येकाला प्रेम होते, पण कायमचा ताबा कोणी घ्यावा, खर्च कोणी करावा, यावर शेवटपर्यंत एकमत झाले नाही. प्रेम सार्वत्रिक आणि ताबा अनिश्चित, अशा वस्तूचे भवितव्य आपल्या व्यवस्थेत ठरलेले असते.

आणि आपल्याला हे जमतच नाही असेही नाही. ‘कुरसुरा’ ही पाणबुडी फेब्रुवारी २००१ मध्ये निवृत्त झाली. विशाखापट्टणमच्या रामकृष्ण किनाऱ्यावर ९१ मीटर लांबीचे ते धूड वाळूवर ओढून आणले गेले आणि ऑगस्ट २००२ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. तिथला नगर विकास प्राधिकार म्हणजे काही भावनाप्रधान संस्था नाही. पण ताबा त्याने घेतला, तिकीट त्याने लावले, आणि माहिती सांगायला निवृत्त नौसैनिक नेमले. आंध्रात गेलेल्या पाहुण्यांना मी आवर्जून ती पाहायला सांगतो. पाणबुडी तर पाहावीच, पण दोन खात्यांमधल्या एका साध्या ताबा पावतीतून काय उभे राहू शकते तेही पाहावे.

आता माझी सही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, महाराष्ट्रापासून फार दूर, पूर्वेकडच्या एका नदीकाठच्या जिल्ह्यात मी होतो. तिथल्या एका कार्यालयाची एक जुनी लाकडी लाँच घाटाला बांधलेली असे. पुराच्या दिवसांत तिने धान्य वाहिले होते, आजारी माणसे वाहिली होती, एकदा म्हणे मतपेट्याही. इंजिन बसले होते, तळ कुजला होता. निर्लेखन समितीत तीन सदस्य होते आणि त्यांत मी सर्वांत धाकटा. लाँच पाहायला आम्हाला वीस मिनिटे लागली. जडसंग्रह नोंदवहीत तिच्या नावापुढे तांबडी रेघ मारायची, किमान बोली ठरवायची, सह्या करायच्या, एवढेच काम होते.

तिचा सारंग वयस्क होता. आम्ही निघालो तेव्हा तो कापडात बांधलेले एक गाठोडे घेऊन आला. त्यात लाँचच्या फेऱ्यांच्या नोंदवह्या होत्या, कित्येक वर्षांच्या. कोणत्या दिवशी, किती पाण्यात, कोणत्या गावाला, काय घेऊन गेली, सारे त्यात होते. “साहेब, या कोठे जमा करू?” त्याने विचारले. मी नियम आठवला. मुदत संपलेल्या नोंदवह्या नष्ट कराव्यात असे कलम होते. मी म्हणालो, रद्दीत द्या. तो काही बोलला नाही. गाठोडे त्याने परत काखेत मारले आणि घाटाच्या पायऱ्या उतरला. लाँच मोडीत गेली याचे मला आजही वाईट वाटत नाही. ती जाण्याच्याच अवस्थेत होती. वाईट वाटते ते त्या वह्यांचे. त्या जिल्ह्यातल्या पुरांचा, कोणते गाव कधी तुटले आणि तिथे मदत किती दिवसांनी पोहोचली याचा, तो कदाचित एकमेव सलग लेखा होता. पुढे काही वर्षांनी पूरनियंत्रणाच्या एका बैठकीत नेमकी हीच माहिती माझ्याकडे मागितली गेली, तेव्हा मी मान खाली घालून बसलो होतो.

त्यानंतर जिथे जिथे निर्लेखनाची टिपणी माझ्यासमोर आली, तिथे मी तीन प्रश्न विचारायला लागलो. ही वस्तू याहून हलक्या कामासाठी कोणाला हवी आहे का? हवी असेल तर लेखी ताबा कोण घेईल आणि देखभालीचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकेल? आणि वस्तू जाणारच असेल, तर तिचे कागद कोठे जातील? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुधा ‘कोणी नाही’ अशीच येत. तिसऱ्या प्रश्नाला मात्र प्रयत्नाने उत्तर मिळू लागले. कधी जिल्हा ग्रंथालय, कधी एखादे महाविद्यालय, कधी अभिलेख कक्षातले रिकामे कपाट. त्याला खर्च जवळजवळ नाही. एक पत्र, एक पोच, एवढेच.

एमटीबी १०२ आजही पाण्यावर आहे. पराक्रम तर कीथनेही केला होता आणि सामारच्या किनाऱ्यावर जळून गेलेल्या कित्येक नौकांनीही. १०२ उरली, कारण तिच्या प्रत्येक बदलीच्या वेळी पलीकडच्या टोकाला कोणीतरी ‘मिळाली’ असे लिहून सही केली; कधी लक्ष्य ओढायला हवी म्हणून, कधी मुलांना झोपायला जागा हवी म्हणून. आपण सरकारी माणसे आयुष्यभर सह्या करतो. त्यांतल्या काही तांबड्या रेघांखालच्या असणार, त्याला इलाज नाही. त्या सारंगाला विचारण्याची वेळ आता निघून गेली आहे. पण आपल्यापैकी कोणी आज अशा समितीवर असेल आणि कोणी गाठोडे घेऊन समोर उभा राहिला, तर त्याला पायऱ्या उतरू देण्यापूर्वी एक मिनिट थांबवावे, एवढीच विनंती.